साखर, मीठ, मिरची

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव पिराजी. भोळा म्हणजे किती? आईनं एकदा सांगितलं, "शेजारच्या काकूंकडं विळी आहे का, विचारून ये." हा विचारून आला. "आहे," म्हणाला, आणि जेवायला बसला.

त्याचा मामा केरबाशेट मात्र पक्का दुकानदार. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं गल्ल्यावर बसून शिकलेला. पंचवीस वर्षं लुगडी विकली. पुढं लोक कापडाला तालुक्याला जायला लागले, तशी मामानं कपाटं काढली आणि तिथं दोन मोठे पडदे लावून व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. खेळ एकच. जपानी तलवारबाजीचा. सामुराई, चिलखतं, धुकं, आणि धुक्यातून अंगावर येणारे शत्रू. मामाला जपानी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. पण गिऱ्हाईक वाचता येत होतं.

खेळाच्या तीन पातळ्या होत्या. त्यांची नावं मामानं आपली ठेवली. साखर, मीठ, मिरची. साखरेवर शत्रू तलवार उगारून जरा थांबतो, जणू परवानगी मागतोय. मिठावर बरोबरीची लढाई. मिरचीवर एका घावात मुंडकं. कुणाला काय लावायचं, ते दुकानदारानं गल्ल्याजवळ बसून ठरवायचं. सगळा धंदा तेवढ्यावर.

मामाला एकच मुलगी, सुवर्णा. बहिणीच्या मुलाचा मान पहिला, हे घरात सगळ्यांनी धरलेलंच. सुवर्णालाही पिराजी आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक. म्हणायची, "तो खोटं बोलत नाही." खरं आहे. त्याला सुचायचंच नाही.

पण मधेच दिनकरचं स्थळ आलं. खताचं दुकान, पक्कं घर, नाकीडोळी नीटस. मामी म्हणाली, "भाच्याला द्यायची तर भाचा दुकान तरी चालवेल का?" मामा म्हणाला, "शिकवतो."

पहिल्या दिवशी मामानं पिराजीला समोर बसवलं. "हे बघ, लुगडं दाखवताना मी पहिलंच भारी कधी काढलं नाही. बाई बुजते, उठून जाते. तसंच इथं. पहिल्यांदा आलेल्याला साखर लावायची. पहिल्याच दिवशी हरलेला माणूस परत येत नाही. गाठ मारून ठेव."

"बरं मामा," पिराजी म्हणाला, आणि खांद्यावरच्या उपरण्याला गाठ मारली.

दुपारी चिंचोलीचा बजरंग आला. तीन जिल्ह्यांत त्याला तोड नव्हती. स्वतःचा रिमोट मखमलीच्या पिशवीतून आणायचा.

पिराजीनं विचारलं, "आमच्याकडं पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच. ऐकून आलोय. लाव काहीतरी दमदार."

पिराजीनं गाठ चाचपली आणि साखर लावली. बजरंगनं बाही सरसावली. समोरचा सेनापती आला, थांबला, पडला. दुसरा आला, थांबला, पडला. चौथ्यानं तर तलवार उपसलीच नाही.

"हे काय? मला बाटलीनं दूध पाजतोस?" बजरंगनं रिमोट पिशवीत घातला आणि गेला तो गेला.

मामानं कपाळाला हात लावला. "अरे, गिऱ्हाईक बघावं! मी बाईच्या पायातल्या जोडव्यावरून सांगायचो, ही कुठल्या काठाचं घेणार. तू अंगठे बघ. रिमोट दाबून दाबून ज्याच्या अंगठ्याला घट्टे पडलेत, तो मुरलेला. त्याला बेधडक मिरची!"

"बरं मामा." दुसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी रावजी सुतार आला. दुकानातल्या बाकाचा एक पाय डुगडुगत होता, तो ठोकायला मामानंच बोलावलेला. पिराजीनं त्याचे अंगठे बघितले. असले घट्टे त्यानं जन्मात बघितले नव्हते.

"बसा रावजीमामा."

"बसू कशाला? पाय ठोकायचाय."

"आधी बसा. तुम्ही मुरलेले आहात."

रावजीला वाटलं, चहा येतोय. तो बसला. हातात रिमोट आला. पडद्यावर धुकं आलं, धुक्यातून कोणीतरी आलं, आणि रावजीचं मुंडकं गेलं. परत धुकं, परत मुंडकं. अकरा वेळा. बाराव्या वेळेला रावजी हातोडा घेऊन पडद्याकडं निघाला, तेव्हा सुवर्णानं मधे पडून त्याला बाहेर नेलं. बाकाचा पाय तसाच राहिला.

"अरे, डोकं वापर!" मामा ओरडला. "खेळ चालू असताना बघत राहा. हरायला लागला की गुपचूप साखरेवर आण. फार जिंकायला लागला की मिरची. घासाघीस करताना मी दोर असाच सोडायचो आणि ओढायचो. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे."

"बरं मामा." तिसरी गाठ.

तिसऱ्या दिवशी दोघे साडू आले. एकमेकांशीच लढायचं म्हणाले. समोरासमोर लढताना प्रत्येकाच्या बाजूची पातळी वेगळी लावता यायची. साखरवाल्याची तलवार लोण्यातून गेल्यासारखी जायची, मिरचीवाल्याची वेताच्या छडीसारखी नुसती वाजायची. थोरला साडू हरायला लागला. पिराजीनं त्याला साखर दिली, धाकट्याला मिरची. धाकटा हरायला लागला. मग त्याला साखर, थोरल्याला मिरची. सकाळी नऊला सुरू झालेली लढाई दुपारी दोनलाही तशीच. कोणी जिंकेना, कोणी मरेना. रांगेतले लोक उठून गेले. शेवटी दोघांच्या बायका आल्या. दोघी सख्ख्या बहिणी, पण आपापल्या नवऱ्याच्या बाजूनं अशा भांडल्या, की दोन्ही साडू तोंडं पाडून दोन वाटांनी घरी गेले.

मामानं रिकामा गल्ला उघडून बघितला, बंद केला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "पिराजी, त्या सगळ्या गाठी सोड. एकच ठेव. इथं आलेला माणूस हसत बाहेर गेला पाहिजे. हसत गेलेलं गिऱ्हाईक परत येतंच येतं. पंचवीस वर्षांत मला दुसरं काही कळलेलं नाही."

"बरं मामा." पिराजीनं तिन्ही गाठी सोडल्या आणि एक नवी मारली. चांगली घट्ट.

तिकडं दिनकरच्या घरून निरोपावर निरोप. मामाला बहीण दुखवायची नव्हती आणि खताचं दुकानही. त्यानं दुकानदाराचा तोडगा काढला. बाजाराच्या दिवशी, चारचौघांत, एक लढाई. जिंकेल त्याला सुवर्णा. वरून निवाडा चोख. आतली गोष्ट अशी, की दिनकरनं रिमोट कधी हातात धरला नव्हता.

तेवढ्यावरही सुवर्णाचा भरवसा नव्हता. लढाईआधी ती पिराजीला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐक. तुझ्या बाजूला मी साखर लावलीय. दिनकरच्या बाजूला मिरची. तू फक्त बटण दाबत राहा. दुसरं काही करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"बटण दाबत राहायचं."

"माझ्याकडं बघून सांग."

"बटण दाबत राहायचं."

दुकान गच्च भरलं. दिनकर इस्त्रीचा सदरा घालून आला. आत येताना चप्पल बाहेर काढली, रिमोट उलटा धरला. त्याच डुगडुगत्या बाकावर दोघं बसले. लढाई सुरू झाली.

पिराजीनं बटण दाबलं. दिनकरच्या सामुराईचं शिरस्त्राण उडालं. परत दाबलं. खांद्याचं चिलखत गेलं. लोक हसायला लागले. मामी पदराआड हसली. मामानं पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडायला घेतली. दिनकरचा सामुराई गुडघ्यावर आला. आता एकच घाव.

पिराजीनं दिनकरकडं बघितलं. दिनकरच्या कपाळावर घाम होता. तो काही हसत नव्हता.

पिराजीचा हात उपरण्याकडं गेला. गाठ घट्ट होती.

"थांबा हं, दिनकरराव," तो म्हणाला. उठला, गल्ल्यापाशी गेला, दिनकरच्या बाजूला साखर लावली, स्वतःच्या बाजूला मिरची. परत येऊन बसला.

"पिराजी!" सुवर्णा ओरडली.

"दाबतोय, दाबतोय," पिराजी म्हणाला.

दिनकरनं घाम पुसायला रिमोट मांडीवर ठेवला होता. त्याचा सामुराई गुडघ्यावरच, तलवार पुढं धरून नुसता थांबला होता. पिराजीनं इमानेइतबारे बटण दाबलं. त्याचा सामुराई धावत गेला, आणि दिनकरच्या तलवारीवर जाऊन पडला.

दिनकरनं वर बघितलं. "मी जिंकलो?"

"जिंकलात! या परत," पिराजी म्हणाला.

दिनकर हसला. असा हसला, की बाकाचा तो पाय अखेर मोडला.

मामानं दोरी परत बांधली. सुवर्णा पिराजीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, खतवाल्यांना होकार कळवा."

पंधरा दिवसांनी दिनकर दुकानात आला. हसत. हातात हळदकुंकू लावलेली पत्रिका.

पिराजीनं ती उलटीसुलटी करून बघितली. मग तसाच धावत आत गेला, उपरण्याची गाठ मामाच्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणालात तेच झालं! गिऱ्हाईक परत आलं. आणि आता तर जन्मभर येणार!"