आधीचा आकडा

"किती आला वस्ताद? बघा तरी!"

अभिनंदन मगदूमने वेग मोजायचं यंत्र वस्तादांच्या नाकासमोर धरलं. त्यावर तीन हजार. सेंट्रिफ्यूजवरही तीन हजार. मिनिटाला तीन हजार फेरे, एकाचाही फरक नाही.

मिरजेतल्या त्या लॅबमध्ये हे सेंट्रिफ्यूज रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवायचं, म्हणजे तांबडं रक्त खाली बसून वरचं पिवळं पाणी तपासायला वेगळं मिळायचं. वर्षातून एकदा त्याचा वेग तपासून दाखला द्यायचा, हे बाबालाल शिकलगारांचं तीस वर्षांचं काम. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. अभिनंदन दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. आजचं काम जमलं तर दाखल्यावर त्याची एकट्याची सही, असं वस्तादांनी सकाळी कबूल केलं होतं. तेव्हापासून गडी जमिनीवर नव्हता.

"आपण आलो तेव्हा वेग कमी होता," तो म्हणाला. "आतला स्क्रू पिळला, पाच मिनिटांत सरळ केलं. कंपनीच्या माणसाला अर्धा दिवस लागला असता."

"हात चांगला आहे तुझा."

अभिनंदनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

वस्तादांनी दाखला पुढे ओढला. त्यावर दोन रकाने होते, 'दुरुस्तीआधी' आणि 'दुरुस्तीनंतर'. दुसऱ्यात ठसठशीत ३०००. पहिला कोरा.

"कमी म्हणजे किती होता?"

"असेल... अठ्ठावीसशे."

"असेल?"

"सव्वीसशेसुद्धा असेल. आकडा स्थिर व्हायच्या आधीच मी स्क्रूला हात घातला. पण आता बरोबर आहे की!"

"आता आहे. गेलं वर्षभर यात लोकांचं रक्त फिरलं. ते रिपोर्ट धरायचे का सोडायचे? लॅबच्या डॉक्टरीणबाई बाहेर बसल्यात. त्या हेच विचारणार."

"स्क्रू मागे फिरवतो. होतं तसं करतो आणि मोजतो."

"कर की."

अभिनंदनने स्क्रूड्रायव्हर टेकवला... आणि तसाच थांबला. मागे म्हणजे किती मागे? पाव फेरा? अर्धा?

त्याची कानशिलं तापली. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"अठ्ठावीसशे लिहिलं," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तर कुणाला कळणार नाही."

"नाही कळणार," वस्ताद म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

...

अभिनंदन तसा मानी. आपल्या हातून चूक झाली हे एक वेळ त्याने गिळलं असतं. पण पहिल्याच दाखल्यावर अंदाजाचा आकडा आणि त्याखाली आपलं नाव, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

त्याने पेन उचललं. पहिल्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'मोजला नाही. चूक माझी. मागच्या रिपोर्टांची खात्री देता येत नाही.'

मग कागद आणि पेन दोन्ही वस्तादांपुढे ठेवलं.

"तुम्ही करा सही. मी थांबतो अजून एक वर्ष."

वस्तादांनी कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. पेन उचलून त्याच्याच हातात दिलं.

"माझी कशाला? तुझीच कर... आणि बाईंच्या हातात तूच नेऊन दे."