तांब्याची पेटी

"म्हणजे माझा टीकाग्रंथ पेटीत जाणार नाही?"

विद्यागिरीचा आवाज चढला होता. सोमगिरी महाराज फडक्यानं पोथ्यांवरची वाळवीची माती झटकत राहिले.

मठाचं अर्धं दप्तर वाळवीनं खाल्लं होतं. तांब्याची पेटी एकच. तिच्यात मावेल तेवढंच टिकणार होतं, आणि काय ठेवायचं ते महाराज ठरवत होते.

"आणि त्या भैरवगिरीची वही जाणार?"

"हो."

"त्याला धड ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, महाराज! मी बारा वर्षं घासली. पैठणचे शास्त्री माझी टीका ऐकून..."

"चांगलीच आहे ती."

"मग?"

महाराजांनी वही पुढे केली. "वाच."

विद्यागिरीनं ती कधी हातात घेतली नव्हती. या गुरुबंधूचं नाव निघालं तरी त्याला घास गोड लागत नसे. आता चुका काढायच्या म्हणूनच त्यानं मधलं पान उघडलं. पटकीच्या साथीत मठाच्या ओसरीवर जे मेले, त्यांची ती नोंद होती.

'बाई. नाव ठाउक नाही. हातावर वींचु गोंदलेला. साळू साळू म्हणत गेली.'

"विंचूसुद्धा चुकलाय," तो म्हणाला.

"हं... परवा एक साळू आली होती. आईला शोधत."

विद्यागिरीनं पान उलटलं.

"हे तर कुणीही लिहिलं असतं!"

"साथीत तू कुठे होतास?"

"आत... टीका लिहीत होतो."

महाराजांनी पुढची पोथी झटकायला घेतली.

"तो तुमचा लाडका आहे, एवढंच!" विद्यागिरीनं वही फाडकन मिटली.

आणि थबकला.

वहीला वरून नवा पुठ्ठा होता. कागदावर कागद खळीनं चिकटवून केलेला. अजून ओलसर. कडेला एक कागद सुटला होता, त्यावरचं अक्षर त्यानं लगेच ओळखलं. याच अक्षरावरून तो लहानपणी शिकला होता.

"महाराज... ही तुमची टीका?"

"कागद जाड होता."

"सगळी?"

"सगळी."

विद्यागिरीनं वही उलटी केली. मागची पानं उघडीच होती.

महाराजांनी खळीचं भांडं जवळ ओढलं.

"मागच्या पुठ्ठ्याला कागद कमी पडतोय."