छिद्रांचा देव

दगड बोलत असत आणि माणसे तेव्हाही ऐकत नसत, त्या काळची ही गोष्ट आहे.

गवळवाड्यातील गोठ्यांचे मूतपाणी एका चरातून तळ्यात उतरत असे. चराच्या तोंडाशी एक पांढरा, सच्छिद्र दगड होता. पाण्यातील उग्र, डोळ्यांना झोंबणारा अंश तो आपल्या छिद्रांत धरून ठेवी आणि तेथेच वस्तीला असलेले जिवाणू तो अंश खाऊन दगडाला पुन्हा रिकामे करीत. तळ्यातले मासे जगत होते ते एवढ्यावरच.

दगडापलीकडे पाण्याचा वास मरतो, हे एकदा गवळ्यांचा म्होरक्या सुभानजी याच्या ध्यानात आले.

“अरे, हा तर देव! आणि आपण याला असा उघडा ठेवला?”

लगेच दगडावर तेल-शेंदराचा जाड लेप चढला.

“बाबा, दार का लावलंस?” आतले जिवाणू गुदमरत विचारू लागले.

“मी नाही लावलं, लेकरांनो,” दगड म्हणाला. “सुभानजी, माझी छिद्रं मोकळी कर रे!”

“आता कसं तेज आलंय बघा!” सुभानजीची बायको कौतुकाने म्हणाली.

चौथ्या दिवशी तळ्यावर मासे उताणे तरंगू लागले. सुभानजीने दगडापुढे लोटांगण घातले आणि उठून गंभीरपणे सांगितले, “देव कोपलाय. शेंदूर कमी पडला.”