हसुरामचं वाक्य

समुद्राकाठच्या एका गावात हसुराम नावाचा एक कोळी राहत होता. पाण्यावर त्याची नजर फार तीक्ष्ण. पण लहानपणी शाळेत गुरुजी त्याला म्हणाले होते, "तुझ्या जिभेला इंग्रजी काही वळायची नाही." पोर ते ऐकून घरी गेलं आणि तेच कायमचं खरं मानून बसलं.

मोठेपणी हसुराम एका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला. तिथे देशोदेशीची माणसं, त्यामुळे बोलणं सगळं इंग्रजीत. त्याने घोकून घोकून पुष्कळ शब्द पाठ केले. पण एकदा जेवताना 'मी मासा खाल्ला' असं सांगायला गेला आणि 'फिश एट मी' म्हणून बसला. म्हणजे माशानेच त्याला खाल्लं! सगळे खो खो हसले आणि विसरूनही गेले. हसुराम मात्र विसरला नाही. तेव्हापासून मनात अख्खं वाक्य जुळल्याशिवाय तो तोंड उघडेना. ते जुळेपर्यंत बोलणं बहुधा पुढे गेलेलं असे.

एका सकाळी समुद्रावर दाट धुकं पडलं. जहाज हळूहळू चाललं होतं. हसुराम बाहेर उभा राहून टेहळणी करत होता. आत सुकाणूच्या खोलीत रोमेल नावाचा फिलिपिनो अधिकारी रडारच्या पडद्यावर नजर लावून होता.

एकाएकी हसुरामला पुढे काहीतरी काळं हललेलं दिसलं. लाकडी होडी! आत दोन माणसं, पाण्यात जाळं पसरलेलं. पडद्यावर ती दिसत नसावी, कारण रोमेल शांत होता.

हसुराम धावत त्या खोलीच्या दारापाशी आला. 'देअर इज' म्हणायचं की 'देअर आर'? होडी एक आहे, पण माणसं दोन. त्याने मागे वळून पाहिलं. होडी जवळ आली होती. त्यातला एकजण उभा राहून दोन्ही हात हलवत होता. वाक्य अजूनही जुळत नव्हतं.

तो माणूस काहीतरी ओरडला. ती भाषा हसुरामला कळली नाही, पण ओरडणं कळलं.

"बोट! सर, बोट! टू मॅन! फ्रंट!" हसुरामही ओरडला.

रोमेल ताडकन वळला. त्याने स्वतः सुकाणू फिरवलं. जड जहाज कुरकुरत, अगदी सावकाश वळलं. होडी जहाजाच्या पोटाला घासता घासता मागे गेली. माणसं वाचली, पण जाळं जहाजाखाली जाऊन फाटलं.

कपाळावरचा घाम पुसत रोमेलने सोप्या इंग्रजीत विचारलं, "तुला होडी केव्हा दिसली?"

हसुरामची मान खाली गेली. "आधीच दिसली, सर. मी वाक्य करत होतो."

रोमेल म्हणाला, "माझ्या आईला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. मीही तुझ्यासारखाच शिकलो. अजून चुकतो. या जहाजावर ही भाषा आईकडून कुणालाच मिळालेली नाही, हसुराम. पुढच्या वेळी वाक्य करत बसू नकोस. ओरड."

हसुराम परत आपल्या जागी गेला. मागे धुक्यात ते दोघे फाटकं जाळं होडीत ओढत होते. एक जाळं विणायला किती हात लागतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

उरलेल्या पाळीत जे दिसलं ते तो ओरडून सांगत राहिला. एकदा तर नुसत्या लाटेलाच होडी म्हणाला. रोमेलने तीही उठून पाहिली.

तात्पर्य: 'ही भाषा आपली नाही' असं मनाशी धरून बसणाऱ्याला येत असलेले शब्दही वेळेवर सुचत नाहीत. चुकत बोलावं, बोलता बोलता भाषा आपली होते. पण चुकीच्या भीतीने गप्प राहिलं, तर त्याची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते.