वैलावरचं पातेलं

"मग उरलेले दिवस ती यंत्रं काय करतात?" बुवांनी विचारलं.

तसा तो रोजच्यासारखाच दिवस होता. आश्रमाच्या अंगणात कोकमाची सोलं वाळत पडली होती. चुलीवर पेज रटरटत होती आणि विश्रामबुवा ती ढवळता ढवळता ऐकत होते.

हेरंब वझे दर उन्हाळ्यात पुण्याहून कोकणात बुवांकडे यायचा. यंदा त्याच्याजवळ सांगण्यासारखं होतं. परीक्षांचे निकाल इंटरनेटवर दाखवणाऱ्या एका कंपनीत तो सर्व्हरच्या खोलीचा प्रमुख झाला होता.

"निकालाच्या दिवशी लाखो मुलं एकदम येतात, बुवा. त्या एका दिवसासाठी एवढी यंत्रं. एकही आडवं पडून चालत नाही."

"ते कळलं. बाकीचे दिवस?"

"चालू असतात. वाट बघतात."

"वाट बघायला वीज लागते?"

"लागते ना. शिवाय खोली गार ठेवायला वेगळी."

"बरंच थाटाचं वाट बघणं आहे," बुवा म्हणाले.

हेरंब हसला. त्याला ती स्तुतीच वाटली.

"मागायला येतात लोक. परवा एक बाई आल्या होत्या, डॉक्टर मृणाल सावर्डेकर. सापाच्या विषावर संशोधन करतात. घरात ठेवता येईल असं औषध शोधतायत. हजारो द्रव्यं आहेत, त्यातलं कुठलं विषाला धरून ठेवेल याचं गणित. त्यांच्या एका संगणकावर म्हणे त्यांचा जन्म जाईल त्यात. रिकाम्या वेळात तुमची यंत्रं द्या, म्हणाल्या."

"मग?"

"नाही म्हटलं. राखीव म्हणजे राखीव."

पळी थांबली.

"कुठल्या सापाच्या विषावर?"

"फुरसं."

बुवांनी पुन्हा पेज ढवळायला घेतली…

चुलीच्या मागच्या अंगाला वैल होता. पुढची आच भांड्याला पुरून जी उरते, ती तिथे जाते. वैलावर पाण्याचं पातेलं होतं.

"जनोबा दिसत नाहीत कुठे?" हेरंबने विचारलं. जनोबा हा बुवांचा गुरुबंधू. दोघांनी मिळून हा आश्रम उभा केला होता. हेरंब आला की "आले आमचे विद्युतमहाराज!" अशी पहिली हाक त्याचीच असायची.

"तालुक्याच्या दवाखान्यात आहे. आज सोडतील बहुतेक. आल्या आल्या आंघोळीला पाणी मागेल."

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. वाडीतला शांताराम खळे उंबऱ्याशी आला. चपला काढल्या, पण आत आला नाही.

"बुवा… जनोबा गेले. पहाटे."

बुवांनी मान हलवली.

"लस दिली होती हो. पण न्यायलाच उशीर झालेला. रक्त थांबलंच नाही."

"कसली लस?" हेरंबने विचारलं.

शांतारामने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही? परसात कुंपणाचा गडगा घालत होते. दगडात फुरसं होतं."

अंगणात सोलांवर माश्या घोंघावत होत्या.

बुवा उठले. पदराने धरावं तसं त्यांनी उपरण्याने वैलावरचं पातेलं धरलं, उचललं आणि खाली ठेवलं. वैलाच्या तोंडातून जाळ वर आला. नुसताच जळत राहिला.

हेरंबने वैलाकडे पाहिलं.

"बुवा, वैल रिकामा जळतोय."

"राखीव ठेवलाय," बुवा म्हणाले.

जनोबाला पोचवून आल्यावर हेरंब जेवायला थांबला नाही. मिळाली ती एसटी धरून तो पुण्याला गेला.

पुन्हा आला तो दिवाळी उलटल्यावर. चुलीपुढे बुवा होते, भात शिजत होता, वैलावर पाण्याचं पातेलं होतं.

"दिलीस यंत्रं?"

"दिली. आमच्या साहेबांना पटवताना नाकी नऊ आले. पण दिली. जन्मभराचं गणित पावसाळा संपायच्या आत पुरं झालं, बुवा. हजारोंतली मूठभर द्रव्यं उरलीत. आता सावर्डेकर बाई ती प्रयोगशाळेत तपासतायत. औषध होईल की नाही, ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही."

"आणि निकालाच्या दिवशी?"

हेरंब पुढे सरकला. हे सांगायलाच तर तो आला होता.

"मुलं यायला लागली तसं बाईंचं काम आपणहून बाजूला झालं. कोणाला सांगावं लागलं नाही. एकाही मुलाचा खोळंबा नाही. संध्याकाळी गर्दी ओसरली आणि जिथे थांबलं होतं, तिथूनच पुढे सुरू झालं."

"मध्येच उठवलं म्हणून रुसलं नाही?"

"यंत्र कसलं रुसतंय!"

"आधीचं काही विसरलं?"

"काही नाही."

"तिथूनच पुढे?"

"तिथूनच."

बुवांनी डोळे मिटून हात जोडले. हेरंब गडबडला.

"अहो बुवा, मला कसले हात जोडताय…"

"तुला कोण जोडतंय? तुझ्या यंत्रांना जोडले."

मग ते दाराबाहेर पाहत राहिले. परसात जांभ्या दगडाचा गडगा फणसापर्यंत सरळ गेला होता. फणसाच्या पलीकडे दगडांचा ढीग होता. त्यावर वेल चढली होती.

"तिथूनच पुढे…" बुवा स्वतःशी म्हणाले.

भाताला कढ आला. हेरंबने झाकण बाजूला केलं.

"जनोबाने गडगा फणसापर्यंत आणला होता," बुवा म्हणाले. "पुढचा मी अजून घातलेला नाही."