मोडक्या पात्यांची टेकडी

इथं चपला काढू नका, पाहुणे. देवीच्या वाटेवर असलात तरी काढू नका. ही समोरची तांबूस टेकडी मातीची नाही, मोडक्या पात्यांची आहे. वर जरा धूळ साचली, गवत उगवलं, एवढंच. पूर्वी इथं खोल खड्डा होता, असं सांगतात. मी काही तेव्हा आत उतरून पाहिलं नव्हतं.

गावचा लोहार तापानं गेला आणि मागं राहिली त्याची बायको धुरपा आणि विझलेली भट्टी. पलीकडच्या गावात लोहारकी करणारा तिचा दीर हैबती तेराव्याचं जेवून तडक अंगणात बसलेल्या पाटलांपुढं उभा राहिला. "भट्टी मला द्या. वहिनींना भाकरी घालीन मी."

त्या भाकरीबरोबर काय काय गिळावं लागेल, हे धुरपाला ठाऊक होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "भट्टी मी चालवीन."

पाटलांनी अट घातली. देवीच्या जत्रेपर्यंत तिनं स्वतः एक सुरा करावा. तो वाळल्या बांबूच्या गाठीवर मारायचा. वाकला नाही, मोडला नाही, तर भट्टी तिची. नाहीतर हैबतीची.

नवं पोलाद तिला कोण देणार? तिनं मोडीतलं गोळा केलं. आधी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ठोकली. तो सुरा भोपळ्यावरही वाकायचा. मग नवऱ्याच्या झिजलेल्या कानशी घेतल्या. ते पोलाद कडक. लालबुंद करून पाण्यात बुडवलं की धार अशी यायची, की नुसतं बघूनच बोट मागं घ्यावं. पण पहिल्याच घावाला पातं काचेसारखं तडकायचं.

"भाऊजी, पाणी दिल्यावर आणखी काही करायचं असतं का हो?" तिनं हैबतीला विचारलं.

"काही नाही, वहिनी. हाताला गुण असावा लागतो," असं म्हणून तो मिशीत हसला.

ती ठोकत राहिली आणि तुकडे खड्ड्यात टाकत राहिली. त्या दणक्यांनी पलीकडच्या गावच्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं, म्हणे. भाता ओढला की वाऱ्याआधी त्यातून उसासा निघायचा. धुरपाचे खांदे सुजले. रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

जत्रेच्या सकाळी तिनं शेवटच्या कानशीचा सुरा पाण्यात बुडवला. चर्र झालं. पण तो मारून बघायला हात उचलेना. भट्टीच्या कडेच्या गरम राखेत सुरा ठेवून ती म्हणाली, "आई, मोडायचा तर मोड. मी दमले." आणि तिथंच आडवी झाली.

लोक बोलवायला आले. हाका मारल्या, उशाशी ढोल बडवले. ती हलेना. देवीची पालखी दारात खोळंबून राहिली, असं सांगतात.

दुपार कलल्यावर धुरपा उठली. सुऱ्यावरची राख पुसली, तर पातं वाळल्या गवतासारखं पिवळसर झालेलं. तिनं तो गाठीवर घातला. बांबू दुभंगला, सुरा तसाच. पुन्हा घातला. तसाच.

हैबतीचा चेहरा पडला. पाणी दिलेलं पोलाद मंद आचेवर निवांत पडू दिलं, की त्याचा ताठा उतरतो आणि ते तडकत नाही. नेमकं हेच त्यानं सांगितलं नव्हतं.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही, भाऊजी. मी झोपले होते."

पाटील खूश झाले. "भट्टी तुझी, धुरपा. आणखी काय हवं ते माग."

सगळा गाव कान टवकारून उभा. तिनं सुरा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "ढोल तेवढे थांबवा. माझी झोप अजून व्हायचीय."

आजही आमच्या गावात कुणी नवशिका मोडीतल्या पोलादाचा पहिला सुरा करतो, तेव्हा मोडलेले तुकडे या टेकडीवर येतात आणि सुरा राखेत जातो. त्याला कुणी हार घालत नाही, शाबासकी देत नाही. भट्टीशेजारी घोंगडी अंथरून देतात. आणि तो आपणहून उठेपर्यंत देवळातली घंटासुद्धा कुणी वाजवत नाही.