वज्रकेतूचे पंख

"पण तो कुणालाच का नको आहे, बाई?"

शार्दूल गावंडेने पुन्हा तेच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लॅपटॉप टेबलावर ठेवला.

पन्हाळ्यावर सकाळपासून धुकं होतं. रेगेबाईंच्या पडवीतून समोरचं कुंपणसुद्धा दिसत नव्हतं.

बाईंनी आयुष्यभर अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या. धूम्रदेश नावाचं एक राज्य त्यांनी कागदावर वसवलं, आणि एका पिढीतली मुलं पांघरुणात बॅटरी लावून त्या राज्यात हिंडली. शार्दूल त्यांतलाच एक. कोल्हापूरला कॉलेजात असताना तो रविवारच्या एसटीने वर यायचा, लिहिलेली पानं दाखवायचा. बाई पानं वाचायच्या आणि एखादंच वाक्य बोलायच्या.

मग तो पुण्याला गेला. व्हिडिओ गेम करणाऱ्या एका कंपनीत पात्रं घडवू लागला. जाताना म्हणाला होता, "बाई, पुस्तकातला नायक वाचक लांबून बघतो. माझ्या नायकाच्या अंगात तो स्वतः शिरेल."

बाई हसल्या होत्या. त्यानंतर बरीच वर्षं तो फिरकला नव्हता.

आज आला तो न कळवता. दाढी वाढलेली, हातात सारखा फोन.

"नीट सांग," बाई म्हणाल्या.

"खेळाच्या सुरुवातीला चार प्रवासी उभे असतात. खेळणाऱ्याने एक निवडायचा आणि सगळा प्रवास त्याच्या रूपाने करायचा. एक म्हातारी वैदू, एक लंगडा चोर, एक मुकी धनुर्धारी. आणि वज्रकेतू. वज्रकेतू माझा. बाकीचे तिघे माझ्या हाताखालच्या पोरांनी केलेत."

"बरं."

"बाहेरच्या लोकांना बोलावून आम्ही खेळायला देतोय. सगळे म्हातारीला घेतात. नाहीतर चोराला. लंगड्या चोराला, बाई!"

"आणि ह्याला?"

"कुणीच नाही."

"त्यात एवढं घाबरायचं काय?"

शार्दूलने फोन पालथा घातला. लगेच सुलटा केला.

"आज दुपारी निर्णय आहे. मेहरीन, आमची प्रमुख, फोन करणार आहे. ह्याला ठेवायचं असेल तर का ठेवायचं ते सांग, म्हणाली. मला सांगता येईना. म्हणून पहाटे गाडी काढली आणि..." तो थांबला. "ह्याच्याशिवाय माझं म्हणावं असं तिथे दुसरं काही नाही. तो गेला तर मी कोण?"

बाई पुढे आल्या. खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसल्या.

पडद्यावर वज्रकेतू उभा होता. उंच. पाठीवर सोनेरी पंख, डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, दोन तलवारी, एक ढाल, गालावर व्रण.

"ही ढाल माझी," बाई म्हणाल्या.

"तुमच्या तिसऱ्या कादंबरीतली. पंखसुद्धा तुमचेच, गरुडवंशाचे. लहानपणी जे जे वाचून अंगावर काटा आला, ते सगळं ह्याच्यात आहे."

"सगळं?"

"सगळं. कुणी म्हणालं चेहरा फार कोवळा आहे, मी व्रण दिला. कुणी म्हणालं साधाच वाटतो, दुसरी तलवार दिली. शाप दिला. बापाच्या खुनाची कहाणी दिली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता घेतील..."

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"चालतो कसा?"

"दाखवतो."

"तू नको. मला दे."

शार्दूलने बॅगेतून खेळाचा कंट्रोलर काढून त्यांच्या हातात दिला. या कांडीने चालायचं, या बटणाने तलवार, असं समजावून सांगितलं. सांगता सांगता त्याची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली.

हात थरथरत होता.

"कधीपासून, बाई?"

"झाली काही वर्षं. लिहिता येत नाही आता. कुठे जायचंय ह्याला?"

"...पुलापलीकडे."

दरीवर एक दोरांचा पूल होता. फळ्या कुजलेल्या, मधल्या दोन-तीन गायब. बाईंनी अंगठा कांडीवर ठेवला. त्यांच्या हातातली थरथर वज्रकेतूच्या अंगात उतरली. तो एक पाऊल पुढे गेला. अडखळला. मागे आला. डावीकडे कलला, सावरला, पुन्हा कलला.

शार्दूलला लाज वाटली. आपल्या वज्रकेतूला त्याने असं कधीच पाहिलं नव्हतं.

"बाई, द्या इकडे. मी नेतो त्याला."

"राहू दे."

वज्रकेतूने पहिल्या फळीवर पाय ठेवला. पूल हलला. तो थांबला. खाली बघितल्यासारखी त्याची मान झुकली... आणखी एक फळी. पुन्हा मागे.

शार्दूल पुढे सरकला. त्याने बाईंच्या खुर्चीची कड कधी धरली ते त्याला कळलं नाही.

"सावकाश... उजवीकडे घ्या थोडं... बाई, तिथे फळी नाहीये! मागे घ्या त्याला, मागे घ्या! अहो, पडेल तो!"

वज्रकेतूचा तोल गेला.

क्षणभर दरीत नुसता अंधार दिसला. मग पंख फडफडले, आणि तो अलगद वर येऊन पुलाच्या टोकाशी उभा राहिला. केससुद्धा विस्कटला नव्हता.

बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"काय झालं ह्याला?"

"काही नाही. पंख आहेत ना. पडला की आपोआप उघडतात."

"तू ओरडलास."

"विसरलो होतो."

"पंख तूच केलेस ना?"

"मीच."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कुंपणापलीकडून कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला आणि धुक्यात विरून गेला.

शार्दूल उठला. पडवीच्या कठड्यापर्यंत गेला, परत आला.

"एका मुलीने घेतला होता त्याला," तो म्हणाला. "मघाशी तुम्हाला सांगितलं नाही. दहा मिनिटं खेळली आणि ठेवून दिला. मी तिला विचारलं, का गं? ती म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ह्याला माझी गरजच नाहीये."

"मग तू काय केलंस?"

"...शिरस्त्राण बदललं."

बाई हसल्या नाहीत. शार्दूलही हसला नाही. त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि कामाला लागला. बाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. त्याला पत्ता नव्हता.

पंख गेले. पंखांच्या खाली त्याने पाठ कधी नीट घडवलीच नव्हती. तिथे नुसतं सपाट काहीतरी होतं. आता ती पाठ उघडी पडली, आणि वज्रकेतू एकाएकी वयाने लहान दिसू लागला.

शार्दूलला ते बघवेना.

"बाई, हा फार एकटा वाटतोय."

"दे माझ्याकडे."

पुन्हा तोच पूल. पुन्हा तीच थरथर. दुसऱ्या फळीवर पाय घसरला आणि वज्रकेतू गेला. या वेळी काही फडफडलं नाही. पडदा काळा झाला.

शार्दूल पडद्यावर वाकला.

मग तो पुलाच्या अलीकडे पुन्हा उभा दिसला, तेव्हा शार्दूलने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

बाईंनी पुन्हा नेला. तो पुन्हा पडला. त्यांनी आणखी एकदा नेला. या खेपेला तो गायब फळ्यांपाशी पोहोचला आणि तिथेच थांबून राहिला. डोलत. पुढेही जाईना, मागेही येईना.

फोन वाजला.

"तुझा फोन," बाई म्हणाल्या.

"वाजू दे. बाई, इकडे बघू नका, पुलाकडे बघा!"

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. बाईंनी डोळ्यांनीच खूण केली. शार्दूलने पडद्यावरची नजर न हटवता फोन कानाला लावला.

"शार्दूल, काय ठरलं?" मेहरीनने विचारलं. "सगळे बसलेत इथे."

"त्याचे पंख काढलेत मी."

"काय? अरे, पोस्टरवर पंख आहेत!"

"दुसरी तलवारपण काढणार आहे. मेहरीन, मला थोडा वेळ दे. तो पुलावर आहे."

"कोण पुलावर आहे?"

शार्दूलची नजर फळ्यांवर होती. मेहरीनने त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

"काही झालंय का तिकडे?" तिने हळूच विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला.

पुढे तो खेळ लोकांच्या हातात गेला. वज्रकेतू त्यात राहिला. एकच तलवार, ढाल, उघडी पाठ. बैठकीतल्या काहींना तो शेवटपर्यंत पटला नाही. खेळ बिघडलाय, नायक पुलावर अडखळतो, अशा तक्रारी आल्या आणि शार्दूलने त्या ऐकून घेतल्या. त्याला निवडणारे म्हातारीइतके कधीच झाले नाहीत. पण ज्यांनी त्याला निवडलं त्यांनी तो सोडला नाही. सांगलीच्या एका बाईने कंपनीला कळवलं, की तिचा मुलगा रोज शाळेतून आल्यावर आधी वज्रकेतू बरा आहे का ते बघतो, मग दप्तर ठेवतो.

पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी फोन ठेवला तेव्हा वज्रकेतू अजून पुलाच्या मधोमध होता. दोर करकरत होते. बाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं होतं.

"माझा हात दमला," त्या म्हणाल्या. "घे."

शार्दूलने कंट्रोलर घेतला. पूल त्यानेच बांधला होता. कुठली फळी पक्की, कुठली कुजलेली, कुठून उडी घेतली तर पलीकडे पोहोचता येतं, सगळं त्याला पाठ होतं. डोळे मिटून तो वज्रकेतूला पार नेऊ शकला असता.

अंगठा कांडीवर ठेवून तो बसून राहिला.

बाई उठल्या. गार झालेले कप उचलून आत निघाल्या.

"बाई..."

"काय?"

"हा पडला तर?"

बाई दारात थांबल्या.

"तर मला हाक मार."